गाणं केलं, आता पाठपुरावा!

माझ्या आत्याच्या कपाटात कवितांची एक जुनी वही आहे. गेल्या वर्षी त्यातल्या पावसाच्या कवितेला मी चाल लावली, आतेबहिणीनं ती गायली आणि इथेच इंदूरला एका छोट्या स्टुडिओत आम्ही गाणं रेकॉर्ड केलं. यूट्यूब आणि स्पॉटिफायवर टाकलं. शहरातली वर्तमानपत्रं, एफएम वाहिन्या, पुण्या-मुंबईची काही मराठी संकेतस्थळं अशा 22 ठिकाणी मेल पाठवल्या.

एकाचंही उत्तर नाही. दर रविवारी आत्या विचारायची, "काही आलं का रे?" चौथ्या रविवारी तिनं विचारलंच नाही. "कविताच साधी आहे, कुणाला काय आवडणार," म्हणत तिनं वही पुन्हा कपाटात ठेवली.

ते मला लागलं. मग मी एका पुरवणीच्या संपादकांना पाच दिवसांत तीनदा व्हॉट्सॲप केलं, "सर, ऐकलं का?" त्यांनी मला सरळ ब्लॉक केलं. चूक माझीच होती.

दुसऱ्या एका उपसंपादक ताईंना फोन केला, तेव्हा खरा प्रकार कळला. त्यांनी मेल शोधून काढली आणि म्हणाल्या, "अहो, विषयात नुसतं 'नवीन गाणं' लिहिलंय, म्हणून राहून गेली. आणि ड्राइव्हची लिंक परवानगी मागतेय, उघडतच नाही." दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका काढणारा मी! म्हणजे कविता कुणी नाकारलीच नव्हती, ती कुणी ऐकलीच नव्हती.

त्यानंतर मी एक साधा तक्ता केला: कुणाला, कधी, काय पाठवलं, पुढचा निरोप कधी. त्यातून जे शिकलो, ते तुमच्याही कामी येईल.

पहिल्या मेलनंतर आठवडाभर थांबा. मग त्याच मेलला उत्तर म्हणून चार ओळी लिहा, म्हणजे जुना मजकूर त्यांना शोधावा लागत नाही. "बघितलं का?" एवढंच विचारू नका, काहीतरी नवं द्या: एखादा चांगला फोटो, कवितेमागची गोष्ट, येणारा कार्यक्रम. लिंक पाठवण्याआधी दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडून बघा. आणखी दहा दिवसांनी शेवटची आठवण द्या आणि मग थांबा. पुढच्या गाण्याच्या वेळी नव्यानं लिहायला दार उघडं राहिलं पाहिजे.

फोन करायचा तर दुपारी. सकाळच्या वर्तमानपत्राची पानं संध्याकाळपासून लागतात, तेव्हा कुणाला बोलायला उसंत नसते. पुरवणी तर छापून येण्याच्या काही दिवस आधीच तयार होते, म्हणून पावसाचं गाणं पाऊस सुरू व्हायच्या आत पाठवावं.

काही ठिकाणी मात्र पाठपुराव्याचा उपयोग नाही. स्पॉटिफायच्या संपादकांकडे गाणं 'स्पॉटिफाय फॉर आर्टिस्ट्स'मधून, प्रकाशनाच्या किमान 7 दिवस आधी पाठवायचं असतं. गाणं प्रकाशित झालं की ती संधी गेली. आमची अशीच गेली. आकाशवाणीवर कलाकार म्हणून गायचं तर रीतसर ऑडिशन द्यावी लागते आणि त्यावर श्रेणी ठरते. ओळखीनं फोन करून ते होत नाही.

दुरुस्त केलेल्या मेल मी पुन्हा पाठवल्या. सहा जणांनी उत्तर दिलं. दोघांनी नम्रपणे नाही म्हटलं, आणि त्याचंही बरं वाटलं, कारण त्यांनी गाणं ऐकलं होतं. त्या उपसंपादक ताईंनी पुरवणीत छोटासा मजकूर छापला, आत्याच्या फोटोसकट. मी लगेच आभाराची मेल पाठवली. हाही पाठपुराव्याचाच भाग, आणि बहुतेक जण नेमका तोच विसरतात.

गाणं काही व्हायरल वगैरे झालं नाही. पण आत्यानं ते कात्रण वहीत चिकटवलं. गेल्या रविवारी जेवायला गेलो, तर वही टेबलावर उघडीच होती. म्हणाली, "ही बघ, ही थंडीची आहे. हिला चाल लाव. आणि या वेळी मेल पाठवायच्या आधी मला दाखव."

तक्त्यात नवं पान उघडलंय.