हवा हवी, पण किती?

1977च्या ऑगस्टमध्ये एडमंड हिलरी तीन बोटी घेऊन बंगालच्या उपसागरातून गंगेत शिरले आणि प्रवाहाच्या उलट हिमालयाकडे निघाले. ‘गंगा’, ‘एअर इंडिया’ आणि ‘किवी’ ही त्या बोटींची नावं. सोबत एम. एस. कोहलींसारखे भारतीय गिर्यारोहक होते. नंदप्रयागजवळ एका धबधब्यानं वाट अडवली, तोवर या बोटींनी हृषीकेशच्या वरचं फेसाळतं, दगडधोंड्यांतून कोसळणारं पाणी चढून दाखवलं होतं. पाण्याखाली ना पंखा, ना सुकाणू. बोटीच्या पोटातला पंप नदीचं पाणी आत ओढायचा आणि मागच्या तोंडातून जोरात फेकायचा, तेवढ्यावर सगळा प्रवास. बोटी चालवणाऱ्यांत जॉन हॅमिल्टन होते. हे तंत्र व्यवहारात आणणाऱ्या बिल हॅमिल्टन यांचे ते चिरंजीव.

बिल हॅमिल्टन न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर आयरिशमन क्रीक इथं मेंढ्यांचं कुरण सांभाळत. तिथल्या नद्या रुंद, उथळ आणि गोट्यांनी भरलेल्या. साध्या बोटीचा पंखा तिथं पहिल्या वळणावरच मोडायचा. पाणी फेकून बोट ढकलायची कल्पना त्यांच्याआधीही होती, पण त्या यंत्रांत झोत बोटीच्या तळाखाली सोडलेला असे. 1954च्या सुमारास हॅमिल्टन यांच्या कारखान्यात तो झोत मागच्या फळीतून, पाण्याच्या पातळीच्या वर सोडून पाहिला आणि बोटीचा वेग एकदम वाढला. हा शोध हातानं केलेल्या फेरफारातून लागला. ती सवय जेट बोटवाल्यांत आजही टिकून आहे.

त्यामागं एक तांत्रिक कारणही आहे. जेट पंपाला गिअरबॉक्स लागत नाही. इंजिनाचा क्रँक सरळ पंपाच्या दांड्याला जोडता येतो. बोट मागं न्यायची तर झोतापुढं एक झाकण पाडायचं, म्हणजे पाणी पुढच्या बाजूला वळतं. त्यामुळे मोटारीचं इंजिन बोटीत बसवणं सोपं झालं. 1960 आणि 70च्या दशकांत अमेरिकेत, विशेषतः कॅलिफोर्नियाच्या तलावांवर, ओल्ड्समोबिल 455, फोर्ड 460, शेव्हरोलेट 454 अशी अजस्र व्ही-आठ इंजिनं बर्कली किंवा जकुझी कंपनीच्या पंपांना जोडून हजारो माणसं पाण्यावर उतरली. (आंघोळीच्या टबामुळे जगभर पोचलेलं जकुझी हे नाव मुळात पंप बनवणाऱ्या भावांचं.) त्यातल्या कित्येक बोटी अजून चालतात. त्या विकत घेणारा माणूस बहुधा स्वतःच पाना हातात घेतो आणि त्याचा हात सगळ्यांत आधी इंजिनाच्या डोक्यावरच्या हवेच्या वाटेकडे, म्हणजे इनटेककडे जातो.

इथं घोटाळा नको. जेट बोटीला दोन इनटेक असतात. एक तळाला, जाळीचा, पंपाकडे पाणी नेणारा. दुसरा इंजिनाचा, हवा नेणारा. इथं बोलायचंय ते दुसऱ्याबद्दल.

454 घन इंचांचं इंजिन म्हणजे सुमारे 7.4 लिटर. चार-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा स्वतःच्या आकारमानाएवढी हवा ओढतं. मिनिटाला 5000 फेरे धरले तर हिशेब 18,500 लिटरचा होतो. प्रत्यक्षात सिलिंडर पुरते भरत नाहीत, तरी पंधरा-सोळा हजार लिटर हवा मिनिटाला आत जाते. या हवेचं वजन जवळजवळ 19 किलो! तिच्यासोबत जळतं मिनिटाला साधारण दोन लिटर पेट्रोल. एवढी हवा तिच्यात पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरच्या अरुंद भोकांतून जात असेल, तर ती भोकं मोठी केली की ताकद वाढेल असं वाटणं स्वाभाविक आहे. हे चूक नाही, पण आधी मोजायला हवं, आणि मोजण्याचं साधन स्वस्त आहे.

मॅनिफोल्डवर, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांच्या जुडग्यावर, निर्वात नळीसाठी तयार भोक असतं. तिथं साधा व्हॅक्यूम गेज जोडायचा आणि बोट पूर्ण रेसवर पळवायची. बाहेर हवेचा दाब पाऱ्याच्या 760 मिलिमीटर. गेज 25 दाखवत असेल, तर वाटेत गमावलेली हवा सव्वातीन टक्क्यांच्या आसपास. सगळा अडथळा जादूनं नाहीसा झाला तरी 330 अश्वशक्तीच्या इंजिनाला मिळणार जेमतेम 11. चार नळ्यांच्या कार्बोरेटरची क्षमता कारखान्यात 38 मिलिमीटर घसरणीवर मोजलेली असते, म्हणजे पाच टक्के. गेज त्याच्या बराच खाली असेल तर अधिक मोठा कार्बोरेटर घेऊन काही हाती लागत नाही. उलट मंद गतीला हवेचा वेग कमी पडून पेट्रोल नीट फवारलं जात नाही आणि धक्क्यावरून निघताना इंजिन अडखळतं.

त्यातही जेट पंपाचा स्वभाव वेगळा. फेरे वाढतात तशी पंपाला लागणारी ताकद त्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. इंजिनाची ताकद दहा टक्के वाढवली, तर फेरे वाढतात फक्त तीन टक्क्यांच्या आसपास: 4600 वरून साधारण 4750. मोटारीत पिकअप वाढल्याचं पाठीला कळतं. इथं ते टॅकोमीटरवर डोळे रोखून शोधावं लागतं. म्हणून जाणकार फेरफाराआधी आणि नंतर, त्याच पाण्यावर, तेवढंच पेट्रोल आणि तेवढीच माणसं घेऊन, पूर्ण रेसवरचे फेरे वहीत लिहून ठेवतात. फेरे बदलले नाहीत तर ताकदही बदलली नाही. पंप हा इंजिनाला कायमचा जोडलेला तराजू आहे.

मॅनिफोल्ड बदलतानाही हेच ध्यानात ठेवावं लागतं. इनटेकच्या नळ्यांची लांबी आणि इंजिनाचे फेरे यांचा संबंध असतो: झडप बंद झाली की नळीत दाबाची लाट मागं-पुढं फिरते, आणि झडप पुन्हा उघडताना लाट नेमकी पोचली तर सिलिंडरात जास्त हवा कोंबली जाते. क्रायस्लरनं 1960च्या 300-एफ मोटारीत 30 इंच लांब नळ्या बसवून मधल्या फेऱ्यांतली ओढ वाढवली होती. जेट बोटीचा मालक मात्र शर्यतीचा उंच, आखूड नळ्यांचा मॅनिफोल्ड आवडीनं बसवतो. झाकणातून वर आलेला तो दिसतो देखणा, पण जुळवलेला असतो सहा-सात हजार फेऱ्यांसाठी. पंपाचं पाणी फेकणारं चाक इंजिनाला पाच हजारांच्या पुढं जाऊच देत नसेल तर त्या मॅनिफोल्डचा फायदा कधीच मिळत नाही. मग चाक कापून हलकं करा, मग कॅमशाफ्ट बदला, अशी साखळी सुरू होते.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. मोटारीच्या इंजिनावर एअर फिल्टर असतो; बोटीच्या इंजिनावर त्या जागी जाळीदार धातूचा डबा असतो. त्याला फ्लेम अरेस्टर म्हणतात. पाण्यावर धूळ फारशी नसते, तेव्हा हा डबा फिल्टर म्हणून नाहीच. इंजिनानं बॅकफायर मारला की ज्वाळा कार्बोरेटरातून वर उसळते. रस्त्यावरच्या मोटारीत खालून वारा खेळतो. बोटीचं पोट मात्र बंद असतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, त्यामुळे गळलेलं पेट्रोल वाफ होऊन तळाशी साचून राहतं, आणि हवेत दीड ते साडेसात टक्के एवढं प्रमाण झालं की एक ठिणगी पुरते. अरेस्टरच्या अरुंद फटींतून जाताना ज्वाळेची उष्णता धातू शोषून घेतो आणि ती बाहेर पडण्याआधीच विझते. हम्फ्री डेव्हीनं 1815 मध्ये कोळशाच्या खाणीसाठी बनवलेल्या सुरक्षा दिव्याचं तत्त्व हेच. अमेरिकी कायद्यानुसार 25 एप्रिल 1940 नंतर बसवलेल्या प्रत्येक पेट्रोल इंजिनावर, बाहेरून अडकवायची आउटबोर्ड सोडून, बॅकफायरची ज्वाळा रोखणारी मान्यताप्राप्त सोय असावीच लागते.

आणि तरीही हौशी माणूस पहिल्यांदा काढतो तो नेमका हाच डबा. दिसायला अडगळ वाटते आणि त्याच मापाचा चकचकीत मोटारीचा फिल्टर दुकानात सहज मिळतो. कागदाचा किंवा कापसाचा तो फिल्टर ज्वाळा अडवत नाही. स्वतःच पेट घेतो. पाच-दहा अश्वशक्तींसाठी हा सौदा कोणत्याही हिशेबानं परवडणारा नाही, चाचणीपुरता एका फेरीसाठीसुद्धा नाही. अरेस्टर कमी पडतो असं मोजमापानं दिसलं, तर जास्त पृष्ठभागाचा मान्यताप्राप्त अरेस्टर घ्यावा. त्याआधी आहे तो धुऊन पाहावा. इंजिनाच्या श्वसननळीतून येणारं तेल जाळीत साचून ती अर्धी बुजलेली असते. सॉल्व्हंटनं धुऊन, पूर्ण वाळवून परत बसवली की गेजवरचा काटा हलतो. फुकटात होणारा इनटेकचा हा फेरफार फार थोडे लोक करतात.

कार्बोरेटरचंही असंच. बोटीसाठीचा आणि मोटारीचा कार्बोरेटर शेजारी ठेवले तर जुळी भावंडं वाटतील, पण बोटीच्या कार्बोरेटरच्या वाटीतल्या हवेच्या नळ्या वाकवून इंजिनाच्या घशाकडे वळवलेल्या असतात. तरंगी अडकली आणि पेट्रोल ओसंडलं, तर ते बाहेर गरम लोखंडावर न सांडता इंजिनातच जातं. जेट बोट पूर्ण वेगात गर्रकन स्वतःभोवती फिरते, तेव्हा वाटीतलं पेट्रोल एका कडेला चढतं. अशा वेळी या नळ्यांचा उपयोग होतो. मोटारीच्या भंगारातून आणलेल्या स्वस्त कार्बोरेटरात ही सोय नसते.

जास्त हवा आत गेली की तिच्या हिशेबात पेट्रोलही जायला हवं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याची निकड मात्र बोटीत जास्त. मोटार सपाट रस्त्यावर निवांत चालते, बोटीचं इंजिन सतत खंबाटकीचा घाट चढणाऱ्या लदलेल्या ट्रकसारखं राबतं. मिश्रण थोडं पातळ झालं, की काही मिनिटांच्या पूर्ण रेसमध्ये सिलिंडरात ठोके सुरू होतात, आणि खुल्या एक्झॉस्टच्या गर्जनेत ते ऐकूही येत नाहीत. पिस्टनच्या डोक्याला भोक पडतं तेव्हाच कळतं. म्हणून कार्बोरेटरचा जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक छिद्र, बदलला की पूर्ण रेसची एक लांब धाव घेऊन, इंजिन तिथंच बंद करून, प्लग काढून त्यांचा रंग बघण्याची जुनी रीत आहे. पांढुरके, चटका बसल्यासारखे प्लग म्हणजे पेट्रोल कमी. आता एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणारा मीटरही मिळतो. पाण्यानं थंड केलेल्या एक्झॉस्टमध्ये सेन्सरवर शिंतोडे उडणार नाहीत अशी जागा शोधावी लागते, एवढंच.

उष्णतेकडे फारसं कुणी बघत नाही, आणि खरा लाभ बरेचदा तिथंच असतो. झाकणाखालची हवा बाहेरच्यापेक्षा दहा अंशांनी गरम असेल तर तिची घनता तीन टक्क्यांनी कमी. गेजवर दिसलेल्या अडथळ्याएवढंच हे नुकसान. इंजिनाच्या खोलीत बाहेरची गार हवा आणणारं झापड मोठं केलं तर कार्बोरेटरला हातही न लावता ते भरून निघतं. मात्र झापडाचं तोंड लाटेकडे नको. पाणी दाबलं जात नाही. घोटभर जरी सिलिंडरात शिरलं तरी वर येणारा पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

फ्युएल इंजेक्शनच्या नव्या जेट बोटींत आणि वॉटर स्कूटरमध्ये हवेच्या वाटेवर प्लास्टिकचा फुगीर एअरबॉक्स असतो. आतल्या आडव्यातिडव्या भिंती पाणी गाळतात आणि आवाज दाबतात. तो काढला की घुमणारा आवाज येतो आणि चालवणाऱ्याला ताकद वाढल्यासारखं वाटतं. अलिबाग, तारकर्लीच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवणाऱ्या वॉटर स्कूटर याच जातीच्या, आणि तिथली हवा खारी. एअरबॉक्सशिवाय चाललेल्या इंजिनात मिठाचे तुषार सरळ झडपांपर्यंत पोचतात. पावसाळ्यात बंद ठेवलेलं यंत्र पुन्हा सुरू करताना त्याच्या इनटेकवर करण्याजोगं काम निराळंच आहे: रबरी नळ्यांना चिरा गेल्यात का ते बोटांनी चाचपायचं, सैल क्लॅम्प आवळायचे, एअरबॉक्स उघडून आत कीटकांनी घर केलंय का ते बघायचं, आणि किल्ली फिरवण्याआधी तळातल्या पेट्रोलच्या वाफा निघून जाव्यात म्हणून वरचं झाकण उघडून ठेवायचं. मोठ्या बोटींत यासाठी पंखा असतो. इंजिन सुरू करण्याआधी तो निदान चार मिनिटं चालवावा, असा दंडक आहे. त्यानंतरही नाकाला पेट्रोलचा वास आलाच, तर गळती सापडेपर्यंत किल्लीला हात लावायचा नाही.