उघडे टपाल आणि कुलपाची थैली

महाड ते पोलादपूर हे अंतर महामार्गाने वीसेक किलोमीटरचे. पण महाडच्या एखाद्या शाळेने पोलादपूरच्या शाळेला ई-मेलने गुणपत्रके पाठवली, तर ती या वाटेने जातीलच असे नाही. ती आधी पाठवणाऱ्याच्या मेल सर्व्हरकडे जातात. तो घेणाऱ्याचा सर्व्हर शोधून त्याच्या हवाली करतो. हे दोन्ही सर्व्हर मुंबईत असतील किंवा परदेशातही.

या देवघेवीचे नियम, म्हणजे एसएमटीपी, जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिले. तेव्हा जाळ्यावरचे संगणक थोडे होते. मजकूर झाकण्याची किंवा पाठवणाऱ्याची ओळख तपासण्याची तरतूद त्यांत नव्हती. पत्र पोस्टकार्डासारखे उघडे जाई आणि प्रेषक म्हणून कोणीही कोणाचेही नाव घाली.

झाकण्याची सोय १९९९ मध्ये आली. तिचे नाव स्टार्टटीएलएस. समोरचा सर्व्हर सांगतो, 'कुलूप लावून बोलता येईल.' मग मजकूर कूटबद्ध होऊन जातो. समोरून तसे काही ऐकू आले नाही तर? बहुतेक सर्व्हर पत्र उघडेच पाठवून मोकळे होतात! वाटेत कोणी ते वाक्य गाळले, तरी पाठवणाऱ्याला पत्ता लागत नाही.

येथे कनेक्टर लागतो. नावावरून वाटते तशी ही तार नव्हे. तो सर्व्हरला घालून दिलेला नियम आहे. जाणाऱ्या टपालासाठी: या संस्थेला कुलपाशिवाय काही द्यायचे नाही, आणि समोरच्याच्या प्रमाणपत्रावर तिचेच नाव आहे ना, ते पाहायचे. येणाऱ्यासाठी: तिच्या नावाचे टपाल तिच्या प्रमाणपत्रानिशी किंवा ठरलेल्या आयपी पत्त्यावरून आले तरच घ्यायचे. आम्हांला दुसरा नियम अधिक मोलाचा वाटतो. मुख्याध्यापकांच्या नावाने 'शुल्क या खात्यात भरा' असे लिहिणारा भामटा त्याने दारातच अडतो.

मात्र प्रमाणपत्राची मुदत संपली, की खरे टपालही अडते. ते लगेच हरवत नाही. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीचे पाणी महाडात शिरले. समजा, शाळेचा सर्व्हर तेथेच असता आणि बंद पडला असता, तर पाठवणाऱ्या सर्व्हरने पत्र रांगेत ठेवून पुन्हा पुन्हा प्रयत्न केले असते. किमान चार-पाच दिवस थांबावे, अशी नियमांची शिफारस आहे. त्यानंतर पत्र प्रेषकाकडे परत. प्रमाणपत्र जुळले नाही, तरी बहुधा हेच घडते.

आणि हे कुलूप फक्त वाटेपुरते. प्रत्येक सर्व्हरवर थैली उघडली जाते, तेथील चालकाला पत्र वाचता येते. गुणपत्रके त्याच्यापासूनही झाकायची असतील, तर फाइलच परवलीच्या शब्दाने बंद करावी आणि तो शब्द फोनवर सांगावा.