मातांचे आरोग्य आणि गावाचा हातभार

माता व बालके यांच्या आरोग्याचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर इस्पितळ, डॉक्टर व औषधांच्या बाटल्या उभ्या राहतात. ही साधने हवीतच. परंतु ज्या कारणांनी बाळंतिणी व अर्भके दगावतात, त्यांतील पुष्कळशी कारणे घराच्या उंबरठ्याच्या आतच जन्म घेतात. ती तेथेच कशी दूर करावी, हे समजून घेण्यास अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील जामखेडचे उदाहरण मननीय आहे.

डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने 1970 साली या अवर्षणग्रस्त भागात आपले कार्य आरंभिले. त्या सुमारास तेथे जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी सुमारे 176 मुले वर्षाच्या आत मृत्यू पावत. गर्भवतीने पोटभर खाल्ले तर मूल मोठे होऊन प्रसूती अडेल, या समजुतीने तिला अर्धपोटी ठेवीत. नाळ विळ्याने कापीत. त्यातून धनुर्वात होई. बाळाला पहिले चिकाचे दूध न देता ते टाकून देत. जुलाब झालेल्या मुलाचे तर पाणीच तोडीत, आणि ते शोष पडून मरे. यांपैकी एकाही गोष्टीच्या निवारणास मोठे यंत्र किंवा महागडे औषध लागत नाही, हे लक्षात घ्यावे.

मग अडचण कोठे होती? ज्ञान पोहोचविणारे माणूस गावास आपले वाटत नव्हते. प्रथम शिकलेल्या परिचारिका खेड्यांत पाठवून पाहिल्या. पण परगावच्या तरुण मुलीचा उपदेश घरातील सासूने का मानावा? तेव्हा प्रत्येक गावाने आपल्यातीलच एक स्त्री निवडावी, असे ठरले. यांतील कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित समाजातील होत्या. त्या दर आठवड्यास जामखेडास येऊन शिकत व शिकलेले गावात जाऊन सांगत. गर्भवतीची विचारपूस करणे, स्वच्छ पाते व स्वच्छ दोरा वापरून बाळंतपण करणे, मुलांची वजने घेणे, ही त्यांची कामे. जुलाबावर त्या घरगुती पेय शिकवीत. त्याचे प्रमाण विद्यार्थ्यांनीही ध्यानात ठेवावे: एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ.

तथापि हे एकट्या बाईचे काम नव्हे. शेतकरी मंडळे व महिला मंडळे तिच्या पाठीशी उभी राहिली. स्वच्छ पाण्यासाठी हातपंप बसविताना ते दलित वस्तीत बसविण्याची युक्ती योजिली गेली; त्यामुळे पाण्याच्या निमित्ताने सर्वांचीच पावले तिकडे वळली. ज्या गावात एका पंपावर घागरी भरल्या जातात, तेथे दलित बाईला बाळंतिणीच्या खोलीत प्रवेश नाकारणे हळूहळू कठीण होते. मुलाचा जीव व जातीचा विटाळ या दोहोंचा संबंध किती निकटचा आहे, हे यावरून दिसते.

अडलेली प्रसूती, अतिरक्तस्राव किंवा झटके आल्यास घरी उपाय नाही. वेळ न दवडता इस्पितळच गाठले पाहिजे. म्हणून धोक्याची चिन्हे ओळखणे हेही त्या स्त्रियांच्या शिक्षणाचे मुख्य अंग होते. गावाने घडविलेली सेविका व सुसज्ज इस्पितळ ही एकाच गाडीची दोन चाके होत.

या उद्योगाचे फळ असे की, 1990 नंतरच्या दशकात तेथील बालमृत्यूचे प्रमाण दर हजारी तिसाच्या खाली आले. आरोळे दांपत्यास 1979 साली मॅगसेसे पारितोषिक मिळाले. पुढे 2005 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातील ‘आशा’ ही योजनाही गावातीलच स्त्री या तत्त्वावर उभी आहे.

विद्यार्थ्यांनी यातून एवढे घ्यावे. आपल्या घरी वहिनी वा बहीण गर्भवती असेल, तर तिला पोटभर अन्न व विश्रांती मिळते की नाही, तिची तपासणी वेळेवर होते की नाही, हे पाहावे. हे बायकांचे काम म्हणून मुलग्यांनी अंग काढून घेऊ नये. माता व मूल सुखरूप राहणे हे केवळ दैवाचे देणे नव्हे. ते साऱ्या शेजाराचे कर्तव्य आहे.