अ‍ॅडव्हेंचर बाइकची चाकं: आधी हवा, मग टायर, सगळ्यात शेवटी २१ इंच

आजचा एपिसोड चाकांवर. लोकलच्या गर्दीत नीट ऐकू आला नसेल किंवा इयरफोन घरी राहिले असतील, तर हा घ्या लेखी एपिसोड. बोलताना मी जे आकडे भराभर फेकले, ते इथे सावकाश मांडलेत.

ऑफ-रोडच्या गप्पा निघाल्या की एक प्रश्न हमखास येतो. "माझी बाइक दोनशे किलोच्या वर आहे, पुढचं चाक १९ इंची आहे. २१ इंची टाकू का?" माझं उत्तर असं: टाकता येईल, पण ती चौथी पायरी आहे. आधीच्या तीन पायऱ्या स्वस्त आहेत, आणि बऱ्याच जणांचं काम तिथेच भागतं. आणि चौथी पायरी चढायचीच असेल, तर नुसतं पुढचं चाक बदलू नका. का, ते बघू.

उदाहरणाला एक बाइक धरूया, सुझुकी व्ही-स्ट्रॉम ६५० एक्सटी. वजन २१६ किलो. पुढे ११०/८०-१९, मागे १५०/७०-१७. बीएमडब्ल्यूच्या आर ११०० जीएसपासून जुन्या आर १२०० जीएसपर्यंत हीच मापं होती, त्यामुळे हे गणित त्यांनाही लागू पडतं. गंमत म्हणजे जीएस घराण्याची आजी, १९८० ची आर ८० जी/एस, २१ आणि १८ इंची चाकांवर आली होती. पुढे बाइक जड झाल्या, त्यांचा जास्त वेळ डांबरावर जायला लागला, आणि चाकं १९-१७ वर आली. म्हणजे १९-१७ ही काही चूक नाही, ती रस्त्याशी केलेली तडजोड आहे.

पायरी १: हवा (खर्च शून्य)

टायर जमिनीला किती टेकतो हे ढोबळमानाने वजन भागिले हवेचा दाब, एवढं सोपं आहे. मागच्या टायरमध्ये ३६ पीएसआय आहे आणि तुम्ही तो २५ वर आणलात, तर टेकणारा भाग साधारण ४० टक्क्यांनी वाढतो. एक रुपया न घालता ग्रिप मिळाली. शिवाय टायर मऊ झाला की बारीक दगडगोट्यांचे हादरे तोच गिळतो.

मग १५ वर का नाही आणायचं? कारण बाइक जड आहे. सामान लादलेली बाइक, वर तुम्ही, आणि समोर आपल्या सह्याद्रीतला धारदार काळा दगड. टायर पूर्ण दबला की दगड थेट रिमवर आदळतो. हलक्या डर्ट बाइकवाल्यांचे आकडे आपल्याला चालत नाहीत. दोनशे किलोच्या वरच्या बाइकला २२ ते २८ ही सुरुवातीची रेंज ठीक. माती, वाळू असेल तर खालच्या टोकाला, दगड असतील तर वरच्या टोकाला. आणि डांबरावर परत आलात की हवा भरायचीच. कमी हवेवर हायवेला पळवलं की टायर तापतो, बाइक वळणात लडबडते. म्हणून पहिली खरेदी दोनच गोष्टींची: दाब मोजायचा गेज आणि छोटा पंप.

पायरी २: टायर

चिखलात नेहमीचा टायर का घसरतो? त्याच्या खाचा चिखलाने भरतात आणि टायर गुळगुळीत होतो. बटण टायरच्या ठोकळ्यांमध्ये मोकळी जागा असते, त्यामुळे फिरताना चिखल बाहेर फेकला जातो. त्याची किंमत डांबरावर मोजायची: आवाज जास्त, झीज लवकर, ओल्या रस्त्यावर ब्रेकिंग कमी. तुमचं ८० टक्के रायडिंग पुणे-बंगळूर हायवेवर असेल, तर पूर्ण बटण टायर घेऊन तुम्ही वर्षभर त्रास विकत घेताय. मधला, म्हणजे ५०-५० टायर बघा.

टायर घेताना साइडवॉलवरचा लोड इंडेक्स आणि स्पीड रेटिंगही वाचा. जड बाइकला हे आकडे कंपनीने दिलेल्यापेक्षा कमी नकोत. नुसतं माप जुळलं म्हणजे टायर जुळला असं नाही.

पायरी ३: रिम, स्पोक आणि ट्यूब

अलॉय चाकाला जोरात फटका बसला की ते तडकू शकतं, आणि गावातल्या गॅरेजमध्ये त्यावर इलाज नसतो. स्पोकचं चाक वाकतं, पण स्पोक कमीजास्त आवळून त्याचा आऊट काढता येतो. ऑफ-रोडला स्पोक हवेत ते यासाठी.

अडचण अशी की साध्या स्पोक चाकात स्पोक रिमच्या मधून आत येतात. त्या भोकांतून हवा निसटते, म्हणून ट्यूब लागते. ट्यूब म्हटलं की पंक्चर काढायला चाक उतरवणं आलं. बीएमडब्ल्यूने १९८७ मध्ये आर १०० जीएसवर यावर उपाय आणला. स्पोक रिमच्या कडांना जोडले, त्यामुळे मधला भाग बंद राहिला आणि ट्यूबलेस टायर बसला. आपल्याकडे हिमालयन ४५० आली ती ट्यूबच्या चाकांवर, नंतर ट्यूबलेस स्पोकचा पर्याय मिळाला.

साध्या स्पोक रिमला आतून सीलिंग टेप लावून ट्यूबलेस करणारेही बरेच आहेत. त्याआधी रिमवर काय कोरलंय ते बघा. मापाबरोबर 'एमटी' असेल तर टायरची कड धरून ठेवणारा उंचवटा आत आहे. 'डब्ल्यूएम' असेल तर तो नाही. अशा रिमवर हवा गेली की टायरची कड आत घसरू शकते, आणि हे चालत्या बाइकवर होऊ शकतं. तिथे टेपचा प्रयोग नको.

ट्यूब ठेवून कमी हवेवर चालवत असाल तर अजून एक टिप. जोर लावला की टायर रिमवर सरकतो आणि ट्यूब सोबत ओढली जाते. वॉल्व्हचा नट रिमला घट्ट आवळून ठेवला असेल तर वॉल्व्ह मुळातून तुटतो. नट वर, कॅपला टेकवून ठेवा. वॉल्व्ह तिरका दिसायला लागला की समजा, टायर सरकलाय.

पायरी ४: व्यास

आता २१ इंच. ११०/८०-१९ म्हणजे रुंदी ११० मिमी, उंची तिच्या ८० टक्के म्हणजे ८८ मिमी, आणि रिम १९ इंच म्हणजे ४८२.६ मिमी. एकूण व्यास ४८२.६ अधिक दोनदा ८८, म्हणजे ६५८.६ मिमी. तसंच ९०/९०-२१ चा येतो ६९५.४ मिमी. फरक ५.६ टक्के.

"मोठं चाक दगडावरून सहज जातं" हे सगळे सांगतात. बरोबर आहे, पण किती? १० सेंमी उंच दगड घेतला तर चाक त्याला जिथे टेकतं तिथला कोन सुमारे ४६ अंशांवरून ४४.५ वर येतो. म्हणजे दीड अंशाच्या आत. खरा फायदा दुसरीकडे आहे. ९० मिमीचा अरुंद टायर वाळू-चिखल कापत खालच्या घट्ट थरापर्यंत पोचतो. आणि २१-१८ मापात बटण टायर भरपूर मिळतात, १९-१७ मध्ये निवड कमी. आफ्रिका ट्विन सीआरएफ ११०० एल आणि टेनेरे ७०० ही जोडी कंपनीतूनच २१-१८ वर येते.

आता धोका. कोडिंगवाल्यांना हे ओळखीचं वाटेल: एक डिपेंडन्सी अपडेट केली आणि दहा ठिकाणी बिल्ड तुटला.

एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल दोन्ही चाकांच्या फिरण्याची तुलना करतात. मूळ बाइकवर पुढच्या आणि मागच्या व्यासाचं गुणोत्तर १.०२६ आहे. फक्त पुढे २१ टाकलं तर ते १.०८४ होतं. पुढचं चाक आता कायम सुमारे सव्वापाच टक्के हळू फिरतंय. कॉम्प्युटरला वाटू शकतं की पुढचं चाक लॉक व्हायला लागलंय, किंवा मागचं जागेवर फिरतंय. पहिल्या गैरसमजात तो पुढचा ब्रेक गरज नसताना सैल सोडू शकतो, दुसऱ्यात पॉवर कापू शकतो. ताम्हिणीच्या उतारावर यातलं काहीच नको.

आता मागेही १४०/८०-१८ टाका. व्यास ६८१.२ मिमी, आणि गुणोत्तर १.०२१. जवळपास मूळ जागी! बाइकचा तोलही तसाच. फक्त पुढचं चाक वाढवलं तर नाक वर जातं आणि हँडल वळायला जड होतं. दोन्ही वाढवली तर बाइक सपाट वर उचलली जाते.

तरीही ही यादी उरतेच:

- सीट साधारण १९ मिमी वर जाते. पाय टेकत होते त्यांनी आधी विचार करावा.
- साइड स्टँड आखूड पडतो, बाइक जास्त कलते. स्टँडला तुकडा जोडावा लागतो.
- मागचं चाक ६ टक्के मोठं, म्हणजे गिअरिंग तेवढंच लांब. हळू चढणीला क्लच जळतो. पुढचा स्प्रॉकेट १५ ऐवजी १४ दातांचा केला की हिशोब जुळतो. शाफ्टवाल्या जीएसला ही सोय नाही.
- स्पीडोमीटर कमी वेग दाखवू शकतो. जीपीएसशी ताडून बघा.
- फॉर्क पूर्ण दाबून टायर मडगार्डला किंवा रेडिएटरला लागतो का, आणि मागे चिमट्यात जागा उरते का, हे उभ्या बाइकवरच तपासा. बटणांवर चिखल बसल्यावरची जागाही धरा.

शेवटचं, कायद्याचं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाहनात मूळ तपशिलापासून वेगळा बदल करण्यावर बंधन घालतं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही कडक भूमिका घेतली. त्यामुळे चाकांची ऑर्डर देण्याआधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्या. क्लेमच्या वेळी वाद घालण्यापेक्षा हा एक ईमेल फार स्वस्त आहे.

तर या वीकेंडला एवढंच करा. मातीच्या एकाच रस्त्यावर, एकाच वेगात, आधी ३६ आणि मग २५ पीएसआयवर चालवून बघा. काय फरक जाणवला ते व्हॉइस नोटवर पाठवा, निवडक नोट्स पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवीन. हेल्मेट घाला, आणि गेज सोबत ठेवा. भेटू!