आठ बोल्टांची पेटी

बिरवाडी म्हटले की महाडकरांच्या डोळ्यांपुढे औद्योगिक वसाहत उभी राहते. काळ नदीचे खोरे, भोवती सह्याद्रीचे डोंगर आणि मध्ये रसायनांचे व औषधांचे कारखाने. टोल्युइन, ॲसिटोन, मिथेनॉल यांसारखी द्रावके अशा कारखान्यांत पिंपांनी हाताळली जातात. त्यांची वाफ हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली की एक ठिणगी पुरते. आणि ठिणगी तर प्रत्येक स्विचमध्ये, प्रत्येक काँटॅक्टरमध्ये दिवसातून कितीतरी वेळा पडत असते. म्हणून अशा विभागात घरातला दिवा किंवा बाजारातले साधे बटण चालत नाही. तेथे प्रमाणित ज्वालारोधक साहित्य लागते. कामगार त्याला ‘एफएलपी’ म्हणतात, म्हणजे फ्लेमप्रूफ.

3 नोव्हेंबर 2023 रोजी याच वसाहतीतील एका औषधी रसायनांच्या कारखान्यात स्फोट होऊन आग लागली व अनेक कामगारांचे प्राण गेले. त्या दुर्घटनेच्या कारणांचा निवाडा येथे करावयाचा नाही. परंतु आपल्या समाजातील अनेक कुटुंबे रसायनांच्या, औषधांच्या आणि विद्युत साहित्याच्या व्यवसायात आहेत. सुरक्षा तपासणीची तयारी म्हणजे नेमके काय, हे त्यांनी तरी कागदापलीकडे जाऊन समजून घ्यावे, यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम एक गैरसमज दूर करू. ज्वालारोधक पेटीत वायू शिरत नाही, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात तो शिरतो, हे गृहीतच धरलेले असते. आत ठिणगी पडून लहानसा स्फोट होईल, हेही मान्य असते. पेटीने तो दाब सोसावा आणि झाकणाच्या सांध्यातून बाहेर पडणारी ज्वाला धातूच्या अरुंद फटीत इतकी थंड व्हावी की बाहेरची वाफ पेटू नये, एवढीच अपेक्षा असते. 1815 मध्ये हंफ्री डेव्हीने खाणकामगारांसाठी जाळीचा दिवा केला, त्यामागे हेच तत्त्व होते. फट किती अरुंद हवी, हे वायूवर ठरते. प्रयोगशाळेतील सुरक्षित फटीची कमाल मर्यादा ॲसिटोनसारख्या ‘दोन-ए’ गटातील वायूंसाठी 0.9 मिलिमीटरहून अधिक असते, तर हायड्रोजन व ॲसिटिलीन यांच्या ‘दोन-सी’ गटात ती 0.5 मिलिमीटरहून कमी असते. प्रत्यक्ष पेटीचा सांधा त्याहूनही अरुंद ठेवतात.

नमुन्याची परीक्षा कठोर असते. पेटीच्या आत आणि भोवतीच्या कक्षातही स्फोटक मिश्रण भरतात व आतले पेटवतात. बाहेरचे पेटले की नमुना नापास. धनबाद येथील केंद्रीय खाण व इंधन संशोधन संस्था हे काम दीर्घकाळ करीत आली आहे. या साहित्याला मान्यता देणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संघटनेचे, म्हणजे ‘पेसो’चे, मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. 1898 मध्ये स्थापन झालेल्या स्फोटक विभागाचाच हा आजचा अवतार. परवाना भारतीय मानक ब्यूरोचा असेल, तर उत्पादकाच्या कारखान्याचीही तपासणी होते. मोजमापाची साधने वेळेवर प्रमाणित केलेली आहेत काय, परीक्षणाच्या नोंदी रोजच्या आहेत की आदल्या रात्री एकाच शाईने उतरवल्या आहेत, हे अनुभवी अधिकाऱ्याच्या चटकन ध्यानात येते.

पण प्रमाणपत्र मिळते ते परीक्षेला बसलेल्या नमुन्याला. भिंतीवर बसवलेली पेटी त्या नमुन्यासारखी राहिली तरच ते तिला लागू पडते. माझ्या मते सगळी मेख येथेच आहे.

काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात मी देखभाल विभागाच्या पर्यवेक्षकांबरोबर फिरत होतो. दुसऱ्या दिवशी तपासणी होती. फरशी धुतलेली, फलक नवे, पेट्यांना ताजा करडा रंग. एका पेटीच्या झाकणाला आठ बोल्टांची भोके होती. बोल्ट होते सहा. मी बोट दाखवले तेव्हा ते म्हणाले, “साहेब, दोनच कमी आहेत. झाकण घट्ट बसलंय, हलवून बघा.” झाकण खरोखरच हलत नव्हते. मात्र आत स्फोट झाला असता, तर जेथे बोल्ट नव्हता तेथे सांधा क्षणभर फाकला असता, आणि ज्वालेला तेवढा क्षण पुरतो. झाकण उघडल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. हौसेने दिलेला रंग सांध्याच्या घासून गुळगुळीत केलेल्या पृष्ठभागावरही उतरला होता. तपासणीसाठी केलेल्या सजावटीनेच पेटी नापास केली होती.

रात्रपाळीत घाईने पेटी उघडणाऱ्याने दोन बोल्ट खिशात टाकले असतील आणि ते तसेच घरी गेले असतील. त्याच्या मनात कोणाचे वाईट करावयाचे नव्हते. आपल्याकडे हिंसेची चर्चा करताना ‘प्रमाद’ हा शब्द का येतो, ते मला त्या दिवशी उमगले.

तेव्हा तयारी करावयाची ती अशी. धोकाक्षेत्राचा नकाशा अद्ययावत हवा; कोठे वाफ नित्य असते, कोठे अधूनमधून, कोठे क्वचित, यानुसार क्षेत्र शून्य, एक आणि दोन ठरतात. प्रत्येक दिव्याला, मोटरीला, पेटीला क्रमांक आणि त्याच क्रमांकाने नोंदवहीत तिचे प्रमाणपत्र, वायुगट व तापमानवर्ग. ‘टी-3’ म्हणजे पृष्ठभाग 200 अंशांपर्यंत तापू शकतो, ‘टी-6’ म्हणजे 85 अंशांपर्यंतच. द्रावक बदलले की हा रकाना पुन्हा वाचावा लागतो. नवे उत्पादन सुरू करताना नेमके हेच विसरले जाते. केबल जेथे आत शिरते तेथील ग्लँड प्रमाणित आणि केबलच्या जाडीला नेमका हवा. न वापरलेल्या भोकात प्रमाणित धातूचा प्लग हवा. लाकडाची खुंटी किंवा चिकटपट्टी नव्हे. (दोन्ही मी पाहिल्या आहेत.)

बिरवाडीचा पावसाळा हा स्वतंत्र विषय आहे. चार महिन्यांच्या दमटपणात आणि आम्लाच्या वाफेत सांध्यावर गंज चढतो. तो कानशीने किंवा पॉलिश पेपरने घासला की फट वाढते. तेथे उत्पादकाने सांगितलेले, न सुकणारे ग्रीसच लावावे. जुलै 2021 च्या महापुरानंतर महाड परिसराला पुराच्या चिखलाविषयी काही सांगावे लागत नाही. पाण्यात बुडालेली पेटी वाळवून, वीज जोडून दिवा लागला म्हणजे ती ज्वालारोधक राहिली, असे समजू नये. ती उघडून सविस्तर तपासावीच लागते.

मानकाप्रमाणे तपासणीच्या तीन पायऱ्या आहेत: नुसत्या नजरेने, जवळून आणि झाकण उघडून. नियतकालिक तपासण्यांत साधारणतः तीन वर्षांहून अधिक अंतर पडू देत नाहीत. हातात घेऊन फिरवावयाच्या उपकरणांसाठी वर्षाची मर्यादा आहे. प्रमाणपत्राच्या क्रमांकाअखेर ‘एक्स’ हे अक्षर असेल, तर वापराच्या विशेष अटी जोडलेल्या असतात; त्या अटींचा कागद खरेदी विभागाच्या कपाटात नव्हे, देखभाल करणाऱ्याच्या हाताशी असावा.

आणि भांडारात प्रत्येक पेटीच्या प्रमाणपत्रात लिहिलेल्या मापाचे व ताकदीचे बोल्ट वेगळ्या, नाव लिहिलेल्या डब्यात ठेवावेत. रात्री दोन वाजता झाकण बंद करणाऱ्याला ते पाच मिनिटांत सापडले पाहिजेत.