अडगळ : माळ्यावरची आणि डोक्यातली



गळीत हंगाम संपला की कारखान्यात ऑफ सिझनची कामं सुरू होतात हे आपण जाणताच. मिल उकलतात, रोलर बाहेर निघतात, आणि त्याच दिवसांत स्टोअरमध्येही मोजदाद चालते. कोणता माल चालू, कोणता कैक वर्षं जागचा हललेला नाही, याची यादी होते. न हललेला माल डेड स्टॉक म्हणून बाजूला पडतो आणि त्याचा भंगारात लिलाव होतो. ही काही हौसेची सफाई नव्हे. ऐन हंगामात मध्यरात्री एखादं बेअरिंग जावं आणि नवं बेअरिंग ढिगात सापडू नये, म्हणजे मिल थांबते, गाड्या काट्यावर तटतात आणि तोडलेला ऊस फडात वाळत पडतो.

कारखान्याचा हा नियम सभासदांच्या घराला लागू केला तर काय दिसेल? घरचा डेड स्टॉक शेवटचा कधी काढला होता?

यावर कोणी म्हणेल, आमच्याकडं दरवर्षी दसरा काढतात की. खरं आहे. घट बसायच्या आधी आपल्या भागातल्या आयाबाया घरातली वाकळ न् वाकळ, चादर न् चादर नदीवर नाहीतर विहिरीवर नेऊन धुतात, भांडी उतरवून घासतात, भिंती झाडतात. त्या कष्टाला तोड नाही. पण दसरा काढताना वस्तू धुतली जाते आणि परत जागेवर जाते. ठेवायची का टाकायची, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. शिवाय माळा, परड्यातलं शेड आणि विहिरीवरची मोटारीची खोली हा कारभाऱ्यांचा मुलूख. तिथं दसरा पोचत नाही. संत गाडगेबाबांच्या नावानं सन २००० मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, ते आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना. गावोगावचे रस्ते, गटारी, पाणवठे त्यानं पालटले. माळे मात्र होते तसेच राहिले.

त्या माळ्यावर काय असतं? जळकं स्टार्टर. गळका फुटव्हॉल्व्ह. ठिबकच्या जुन्या नळ्यांची भेंडोळी. खताची रिकामी पोती. बैल विकून वीस वर्षं झाली तरी आढ्याला टांगलेलं जू. लग्नात आलेल्या आहेराची न फोडलेली खोकी. आणि या सगळ्याला मिळून एकच उत्तर, ‘राहू दे, कवातरी लागंल.’

या ‘कवातरी लागंल’मागं मन कसं चालतं, ते आज सांगायचं आहे.

आळशी माणसाच्या घरात अडगळ साठते, हा समज आम्हाला पटत नाही. उलट पहाटे चारला पाणी पाजायला जाणाऱ्या कष्टाळू माणसाच्या घरात ती जास्त दिसते. याचं पहिलं कारण टंचाई. ज्यांनी १९७२ चा दुष्काळ अंगावर काढला, खडी फोडायच्या कामावर जाऊन सुकडी आणि मिलो खाल्ला, त्यांना सुतळीचा तुकडासुद्धा टाकवत नाही. माण, खटाव, जत, आटपाडीकडच्या वडीलधाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. त्यांची ही सवय वेडेपणाची नव्हती. खिळा आणायला तालुक्याला जावं लागे, त्या काळात वाकडा खिळा ठोकून सरळ करणं हाच शहाणपणा होता. पुढं पाणी आलं, ऊस आला, दुकान दारात आलं. वस्तू येण्याचा वेग दहापट झाला, पण घराबाहेर जाण्याचा वेग बाहत्तर सालचाच राहिला. माळा भरला तो या फरकानं.

दुसरं कारण मालकीचं. वस्तू आपली झाली की तिची किंमत आपल्याच डोळ्यांत वाढते. १९९० साली कानेमन, नेट्श आणि थेलर या तिघा संशोधकांनी यावर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. वर्गातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना त्यांनी चहा-कॉफीचे मग दिले आणि विचारलं, विकायचा झाला तर कितीला द्याल? उरलेल्यांना विचारलं, कितीला घ्याल? मग तोच, बाजारही तोच. पण ज्यांच्या हातात मग पडून थोडाच वेळ झाला होता, त्यांनी घेणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट किंमत सांगितली. पुढं कानेमन यांना २००२ साली आणि थेलर यांना २०१७ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. जनावरांच्या बाजारात बसलेल्या आपल्या माणसाला मात्र हे नोबेलशिवायही ठाऊक असतं. थोड्या वेळाची मालकी जर एवढं करते, तर वडिलांच्या हातच्या जुवाबद्दल काय बोलावं!

तिसरं कारण आम्हाला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. अडगळीतली बहुतेक प्रत्येक वस्तू म्हणजे लांबणीवर टाकलेला एक निर्णय असतो. मोटार रिवाइंडिंगला द्यायची का भंगारात, हे ठरलं नाही म्हणून ती कोपऱ्यात बसली. वाटणीत भावाच्या वाट्याचं कपाट कुणी न्यायचं, हा विषय नको म्हणून ते पडवीतच राहिलं. ती वस्तू मुकी असली तरी येता-जाता विचारतच राहते, ‘माझं काय करताय?’ आपण मान फिरवतो. पण मान फिरवायलाही थोडी ताकद खर्च होतेच. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात २०११ साली दाखवून दिलं गेलं, की डोळ्यांपुढं एकाच वेळी अनेक वस्तू असल्या, की मेंदूच्या पाहण्याच्या भागात त्यांची आपसांत चढाओढ लागते आणि हव्या त्या एकीवर लक्ष ठेवायला मेंदूला बाकीच्या दाबाव्या लागतात. पसाऱ्यात बसून हिशोब लिहिणारा माणूस लवकर का वैतागतो, ते यावरून कळावं.

याचा भार घरात सर्वांवर सारखा पडत नाही. लॉस एंजेलिसमध्ये दोघंही नोकरी करणाऱ्या तीस जोडप्यांना त्यांचं स्वतःचं घर हिंडून दाखवायला सांगितलं आणि ते काय बोलतात ते टिपून घेतलं. शिवाय त्यांची लाळ दिवसातून अनेकदा तपासली. ताण मोजायचं कॉर्टिसॉल नावाचं एक द्रव्य लाळेत सापडतं. ते सकाळी जास्त असतं आणि संध्याकाळपर्यंत उतरत जातं. २०१० साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्या बायका घराबद्दल ‘पसारा’, ‘अर्धवट राहिलंय’ असं जास्त बोलल्या, त्यांचं कॉर्टिसॉल दिवसभरात म्हणावं तसं उतरत नव्हतं आणि मनही खिन्न होत होतं. नवऱ्यांमध्ये तसं दिसलं नाही. आता, पसाऱ्यामुळंच ताण आला असं यावरून ठामपणे म्हणता येत नाही. थकलेल्या बाईला घर जास्त पसरलेलं वाटत असेल, असंही असेल. पण माळा भरणारा एक आणि त्याखाली दिवसभर वावरणारी दुसरी, ही गोष्ट आपल्याकडं पडताळून पाहायला लाळ तपासायची गरज नाही.

आता शेतीच्या कामाकडं येऊ. रात्रपाळीची लाइट आली, मोटार उचलेना. पाना पाहिजे. पाना घरात आहे, एक सोडून तीन आहेत; म्हणजे पहिला सापडला नाही म्हणून दुसरा आणला आणि दुसरा सापडला नाही म्हणून तिसरा. आता तिन्ही सापडत नाहीत. तासभर शोधाशोधीत गेला, म्हणजे ऊस तेवढा तासभर तहानलेला राहिला. अडगळीचा खर्च कुठल्या खात्यावर पडत नाही, म्हणून तो दिसत नाही एवढंच.

याहून गंभीर अशा दोन गोष्टी आहेत. शेडातल्या पोत्यांच्या आणि लाकडांच्या ढिगात उंदीर राहतो, आणि उंदरामागं घोणस, मण्यार येतात. ढिगात हात घालताना काय होतं ते ऊसपट्ट्यात कोणाला नव्यानं सांगायचं? दुसरी गोष्ट औषधांच्या बाटल्यांची. अर्धी उरलेली, मुदत संपलेली, लेबल गळालेली बाटली ‘पैसे मोजलेत’ म्हणून फळीवर राहते. एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयानं २०११ सालीच बंदी घातली. तसली एखादी बाटली अजून कोणाच्या फळीवर नाहीच, असं आम्ही छातीठोकपणे म्हणणार नाही. सरबताच्या नाहीतर दारूच्या बाटलीत ओतून ठेवलेलं औषध तर घरात मुळीच नको. लहान मूल बाटलीचा आकार ओळखतं, आतला पदार्थ ओळखत नाही. असलं औषध कॅनॉलमध्ये, विहिरीत ओतू नका. कृषी अधिकाऱ्यांना किंवा दुकानदाराला विचारून विल्हेवाट लावा. रिकाम्या बाटल्या फोडून वस्तीपासून दूर पुराव्यात, हे १९७१ च्या कीटकनाशक नियमांतही सांगितलेलं आहे.

मग सुरुवात कशी करायची? एका दिवसात सगळं घर उपसू नका. तसं उपसलेलं घर संध्याकाळी दमून परत तसंच भरलं जातं. एक कोपरा घ्या, मोटारीची खोली सगळ्यांत बरी. प्रत्येक वस्तूला ‘कधी लागेल?’ असं विचारू नका, कारण त्याचं उत्तर ठरलेलंच आहे. ‘गेल्या दोन हंगामांत लागली का?’ असं विचारा. ज्याचं उत्तर जमत नाही, त्या वस्तूवर खडूनं तारीख घाला : ‘दिवाळीपर्यंत दुरुस्त, नाहीतर भंगार.’ या खडूच्या तारखेलाही आधार आहे. मसिकाम्पो आणि बाउमायस्टर यांनी २०११ साली दाखवलं, की अर्धवट राहिलेलं काम मनात घुसत राहतं, पण ते केव्हा आणि कसं करायचं एवढं नक्की ठरवलं, तरी काम होण्याआधीच मन बरंच मोकळं होतं.

आठवणीच्या वस्तूंना वेगळा न्याय. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आयुष्यभर किती चित्रं, किती मूर्ती जमवल्या! त्यांना कोणी अडगळ म्हणत नाही, कारण १९३८ साली संग्रहालय उभारून त्यांनी प्रत्येकीला जागा दिली. आज्याची मोट, आजीचं जातं यातलं एखादं सोप्यात नीट मांडा, नातवंडांना नाव सांगा. बाकीच्या नऊ वस्तूंवरचा मोह आपोआप सुटतो.

वडीलधाऱ्यांच्या बाबतीत मात्र सबुरी हवी. ते गावाला गेले असताना ट्रॉली भरून सामान विकणारी पोरं आम्ही पाहिली आहेत. त्यानं घर मोकळं होतं, पण म्हाताऱ्या माणसाचा विश्वास जातो आणि साठवणं दुपटीनं वाढतं. काहींच्या बाबतीत हा निव्वळ स्वभाव नसतो. वस्तू टाकताना जीव घाबरा होतो, घरात चालायला वाट उरत नाही. अशा साठवणुकीला अमेरिकेतल्या मानसोपचार तज्ज्ञांच्या संघटनेनं २०१३ साली स्वतंत्र आजार म्हणून मान्यता दिली. त्याला रागावणं हा उपाय नाही. डॉक्टरांना दाखवावं.

शेवटी कागदांविषयी. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाशी कृष्णेनं ५७ फुटांची पातळी ओलांडली. तिथं धोक्याची पातळी ४५ फूट आहे. सामान आणि जनावरं सोडून कसं निघायचं, म्हणून अनेक घरं पाणी दारात येईपर्यंत हलली नाहीत. पाणी ओसरल्यावर गाद्या, कपाटं, वह्या-पुस्तकं यांचे ढीग रस्त्याकडेला लागले. २०२१ ला पुन्हा तेच झालं. अशा वेळी काय उचलायचं हे आधी ठरलेलं असेल, तर पाय लवकर निघतो. शेअर सर्टिफिकेट, जुने फेरफार, खरेदीखत, बँकेची पुस्तकं, विम्याचे कागद, सोसायटीचा बेबाकी दाखला एवढं एकाच जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, आणि ती पिशवी कुठं आहे ते घरातल्या किमान दोघांना माहीत असू द्या. त्यातली एक घरची बाई असावी.

सभासद मयत झाल्यावर सहकार कायद्याप्रमाणे शेअर नामनिर्देशित व्यक्तीच्या, नाहीतर वारसाच्या नावे होतात. पण नामनिर्देशन केलं होतं का आणि कागद कुठं आहेत हेच घरच्यांना माहीत नसेल, तर दहाव्या-तेराव्यानंतर ट्रंका उपसत बसावं लागतं. पिशवी भरताना सर्टिफिकेट सापडलं नाही किंवा नामनिर्देशनावरचं नाव जुनं झालं असेल, तर येत्या ऑफ सिझनमध्ये शेअर विभागात येऊन चौकशी करावी. हंगामात तिथं गर्दी असते.