स्प्रेडशीट आणि डाटाबेस : दुकानाचा हिशेब कोठे ठेवावा?

आपल्या कापड बाजारात आता संगणक नसलेली पेढी शोधावी लागेल. परंतु संगणक आहे म्हणून हिशेब व्यवस्थित आहे, असे मात्र नाही. बहुतेक ठिकाणी सारा व्यवहार एक्सेलच्या एकाच फाईलमध्ये भरलेला असतो. पार्टीचे नाव, मालाचा तपशील, बिल, जमा, बाकी, सगळे एकाखाली एक. यासाठी डाटाबेस हवा असे कोणी सांगितले, तर मालक म्हणतात, "यातही चौकटी, त्यातही चौकटी. मग फरक काय?" प्रश्न रास्त आहे, कारण पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात.

स्प्रेडशीट ही मुळात आकडेमोडीची पाटी आहे. अमेरिकेत हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये शिकणाऱ्या डॅन ब्रिकलिन याला वाटले की, फळ्यावरचा एक आकडा बदलला की बाकीचे सगळे पुसून पुन्हा मांडावे लागतात, हे काम यंत्राने करावे. त्याने बॉब फ्रँक्स्टन या मित्राला बरोबर घेऊन १९७९ मध्ये 'व्हिजिकॅल्क' बाजारात आणले. पुढे १९८३ मध्ये 'लोटस १-२-३' आले, १९८५ मध्ये एक्सेल. नावे बदलली, काम तेच राहिले.

आणि त्या कामात स्प्रेडशीटला तोड नाही. समजा, एका क्वालिटीला इंचाला ६० पीक आहेत आणि विणाईची मजुरी पिकाला १२ पैसे आहे. म्हणजे मीटरला ७ रुपये २० पैसे झाले. त्यात सुताचा भाव, प्रोसेसचा खर्च, घट, दलाली, भाडे मिळवा. उद्या सुताचा भाव किलोमागे पाच रुपयांनी चढला, तर एक आकडा बदलताच मीटरचा नवा पडता समोर येतो. पार्टी फोनवर असतानाच भाव सांगता येतो. असल्या कामासाठी डाटाबेस घेणे म्हणजे सुई हवी असताना यंत्रमाग बसवण्यासारखे आहे.

अडचण सुरू होते ती या पाटीची वही केल्यावर. एक्सेलच्या चौकटीला आपल्यात काय लिहिले आहे ते ठाऊक नसते. तारखेच्या जागी नाव लिहा, रकमेच्या जागी 'नंतर देतो' लिहा, ती आपण होऊन अडवणार नाही. उलट कधी आपल्याच मनाने बदलही करते. पुढचे शून्य गाळते. पंधरापेक्षा जास्त अंकांचा खाते क्रमांक आकडा समजून घेते आणि पंधराव्या अंकापुढे शून्ये टाकते. काही इंग्रजी नावांना तारीख समजते. या शेवटच्या खोडीला शास्त्रज्ञही कंटाळले. मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये एक्सेलमध्ये तारखा होणारी काही नावेच बदलली. 'मार्च१' या जनुकाचे 'मार्चएफ१' झाले.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये याहून गंभीर प्रकार घडला. कोरोनाच्या तपासण्यांचे निकाल प्रयोगशाळांकडून येत आणि त्या वेळची सरकारी संस्था 'पब्लिक हेल्थ इंग्लंड' ते एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फाईलमध्ये घेत असे. त्या फाईलमध्ये ६५,५३६ ओळींपेक्षा जास्त मावत नाही. एकेका रुग्णासाठी अनेक ओळी लागत. फाईल भरली आणि उरलेल्या नोंदी बाहेर राहिल्या. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर २०२० या आठवड्यात १५,८४१ बाधितांची नोंद रोजच्या आकड्यांतून सुटली. रुग्णांना आपला निकाल कळला होता, पण त्यांच्या संपर्कात आलेल्यांना सावध करण्याचे काम कित्येक दिवस लांबले. नव्या एक्सेलमध्ये दहा लाखांहून अधिक ओळी मावतात हे खरे, पण पाटी मोठी केल्याने ती वही होत नाही.

डाटाबेसची रीत वेगळी आहे. १९७० मध्ये आयबीएम कंपनीतील एडगर कॉड या गणितज्ञाने ती मांडली आणि आजही बँका, रेल्वे आरक्षण यांचे काम मोठ्या प्रमाणात त्याच पायावर चालते. कल्पना अशी की, प्रत्येक गोष्ट एकदाच आणि आपल्या जागी लिहावी. पार्टीचे पुस्तक वेगळे, मालाचे वेगळे, बिलांचे वेगळे, वसुलीचे वेगळे. प्रत्येक पार्टीला एक क्रमांक. बिलावर पार्टीचा पत्ता पुन्हा लिहायचा नाही, फक्त तो क्रमांक. पार्टीने गोदाम बदलले तर पत्ता एका ठिकाणी बदलला की काम झाले.

या क्रमांकाचे महत्त्व आपल्या बाजारात फार आहे. आम्ही उर्दू शाळेत शिकलेले लोक 'मुहम्मद' एकाच तऱ्हेने लिहितो. इंग्रजीत त्याच नावाचे मोहम्मद, मोहमेड, मोहद, एमडी असे किती अवतार होतात! एक मुलगा एक लिहितो, दुसरा दुसरे, आणि एक्सेलच्या हिशेबी ते चार वेगळे गिऱ्हाईक. बेरीज मागितली की चौथा हिस्सा उधारी दिसते. डाटाबेसमध्ये पार्टी यादीतूनच निवडावी लागते, म्हणून नाव कसेही लिहा, क्रमांक एकच.

दुसरी गोष्ट पहारेकऱ्याची. चांगला मुनीम जसा अर्धवट चिठ्ठी परत करतो, तसा नीट नियम घालून दिलेला डाटाबेस चुकीची नोंद घेत नाही. पार्टी नसलेले बिल चढणार नाही. बाकी असलेली पार्टी पुसता येणार नाही. गोदामातून ४० तागे प्रोसेसला गेले, तर इकडून वजा आणि तिकडे जमा या दोन्ही नोंदी होतील, किंवा मध्येच वीज गेली तर एकही होणार नाही. एकाच वेळी तिघे जण बसून काम करू शकतात. आणि साठ दिवसांवर ज्यांची बाकी आहे अशा मालेगावच्या पार्ट्या हव्या असतील, तर तेवढेच विचारायचे. फाईल वरखाली चाळत बसायचे नाही.

हे सारे केवळ सोयीचे आहे असे मला वाटत नाही. कुरआनातील सर्वांत लांब आयत, सूरह अल-बकरहची २८२ वी, मुदतीच्या देण्याघेण्याची लिखापढी करण्याबद्दल आहे. त्यात लिहिणाऱ्याची आणि साक्षीदारांची जबाबदारीही सांगितली आहे. आता जकातीचे पाहा. चांद्रवर्ष ३५४ दिवसांच्या आसपास, म्हणून जकातीची तारीख दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकते. ३१ मार्चचा ताळेबंद तिथे उपयोगी पडत नाही. त्या दिवशी माल किती, रोकड किती, वसूल होण्याजोगी उधारी किती आणि आपले देणे किती, हे सांगता आले पाहिजे, तेव्हा अडीच टक्के काढता येतील. एक्सेलमध्ये जुनी बाकी पुसून नवी लिहिण्याची सवय असेल, तर मागच्या रमजानमधली स्थिती कधीच सापडणार नाही. डाटाबेसमध्ये प्रत्येक देणेघेणे तारखेसह वेगळे राहते, म्हणून कोणत्याही दिवसाची बाकी काढता येते.

मालकाच्या माघारी काय, हाही प्रश्न आहेच. वारसांमध्ये वाटणी होण्याआधी मयताचे कर्ज फेडावे लागते. पण पिवळी ओळ म्हणजे चेक परत आलेला, हिरवी म्हणजे दलालाकडे बाकी, लाल म्हणजे कोर्टात गेलेले, हे रंग फक्त अब्बांना माहीत असतील तर मुलांनी कोणाचे किती द्यायचे?

यासाठी मोठा खर्च करण्याची गरज नाही. ज्यांच्याकडे टॅली आहे, त्यांच्याकडे आतून डाटाबेसच आहे. फक्त तो पुरता वापरावा. बिले टॅलीत आणि खरी उधारी एक्सेलमध्ये, असा दुहेरी कारभार बंद करावा. महिन्याला दहा-पंधरा बिले असतील आणि लिहिणारा एकच असेल, तर एक्सेल चालेल. लिहिणारे दोन झाले किंवा माल दोन गोदामांत राहू लागला, की बदल करावा.

बदल करताना आधी पार्ट्यांची यादी स्वच्छ करा. एकाच पार्टीची चार नावे असतील तर एक करा, जीएसटी क्रमांक तपासा, प्रत्येकाला बाकीचा कागद पाठवून मंजुरी घ्या. मग १ एप्रिलपासून नवे खाते सुरू करा आणि दोन महिने जुनी फाईलही सोबत चालवा. दर शनिवारी दोन्हींच्या बाक्या जुळवा आणि एक नक्कल दुकानाबाहेर, घरी ठेवा.